विश्लेषण : खाणीतले अपघात सॉफ्टवेअर कसं मोजतं? आठ नोंदी निसटल्या तेव्हा काय झालं?

५ एप्रिल २०१०. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली अप्पर बिग ब्रँच ही कोळशाची भूमिगत खाण. दुपारी तीनच्या सुमारास आत साठलेला मिथेन वायू पेटला, त्यानं कोळशाची धूळ पेटवली आणि स्फोट खाणभर पसरला. २९ कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या कोळसा खाणीत एवढी मोठी दुर्घटना झाली नव्हती.

हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, धुळीवर दगडाची भुकटी टाकण्यातली कसूर, यंत्राच्या पाण्याच्या फवाऱ्यांची दुरवस्था अशी कारणं चौकशीत पुढे आली. पण स्फोटानंतर काही दिवसांतच एक वेगळीच गोष्ट बाहेर आली होती. वारंवार नियम मोडणाऱ्या खाणी शोधण्यासाठी सरकारी यंत्रणा जो संगणक प्रोग्राम वापरत होती, त्यात चूक होती. त्या चुकीमुळे ही खाण यादीतून सुटली होती.

खाण अपघातांच्या नोंदींचं संगणकावर विश्लेषण कसं होतं, त्यातून काय हाती लागतं आणि त्याचा विदर्भातल्या कोळसा खदानींशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी या चुकीपासूनच सुरुवात करावी लागेल.

संगणकाची चूक नेमकी काय होती?

अमेरिकेत खाणींच्या सुरक्षेवर 'माइन सेफ्टी अँड हेल्थ अॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे 'एमशा' ही संघराज्य सरकारची यंत्रणा लक्ष ठेवते. १९७७ च्या खाण कायद्यानं तिला एक कडक अधिकार दिला आहे. एखादी खाण गंभीर नियम पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर तिला तशी नोटीस द्यायची. त्यानंतर तपासणीत एकेक गंभीर उल्लंघन सापडलं की त्या भागातून कामगारांना बाहेर काढायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत काम बंद ठेवायचं. खाणमालकाच्या खिशाला थेट झळ बसेल असं हे कलम.

आता हजारो खाणींमधून अशा खाणी शोधायच्या कशा? त्यासाठी ठरावीक निकष घालून संगणकावर चाळणी लावली जात असे. गेल्या बारा महिन्यांत किती उल्लंघनं, किती गंभीर, तासांच्या हिशेबात किती, वगैरे. २००९ मधल्या चाळणीत अप्पर बिग ब्रँचवर बजावलेल्या आठ उल्लंघनांच्या नोंदी प्रोग्रामनं मोजल्याच नाहीत. त्या मोजल्या असत्या, तर ही खाण पुढच्या कारवाईच्या विचारासाठी काढलेल्या यादीत आली असती.

यादीत आली असती तर स्फोट टळला असता का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. यादीत येणं आणि प्रत्यक्ष नोटीस मिळणं यात बरंच अंतर होतं. कायदा झाल्यापासून २०११ पर्यंत या कलमाचा पूर्ण बडगा एकाही खाणीवर उगारला गेला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. पण 'क्वेरी'मध्ये एखादी अट चुकली तर परीक्षेत दोन गुण जातात, इतकंच आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना माहीत असतं. इथे जी खाण समोर यायला हवी होती, ती समोर आली नाही.

अपघाताची 'नोंद' म्हणजे काय असतं?

अमेरिकेत दुखापत झाली की खाणीला दहा कामाच्या दिवसांत एक ठरावीक फॉर्म भरून पाठवावा लागतो. मृत्यू, खाणीत अडकणं, स्फोट अशा गंभीर घटना तर पंधरा मिनिटांत कळवाव्या लागतात. फॉर्ममधली माहिती एमशा आपल्या डेटाबेसमध्ये भरते आणि २००० सालापासूनच्या या नोंदी कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. नागपुरात बसूनही.

ती फाईल उघडली की प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना. खाणीचा क्रमांक, तारीख, अपघाताची वेळ, त्या दिवशी पाळी किती वाजता सुरू झाली, कामगार काय काम करत होता, कुठल्या वस्तूमुळे लागलं, शरीराच्या कुठल्या भागाला लागलं, किती दिवस काम बुडालं. एकूण अनुभव किती, या खाणीतला किती आणि या विशिष्ट कामातला किती, हे तीन आकडे वेगवेगळे. कामगार कंत्राटदाराचा असेल तर कंत्राटदाराचा क्रमांक. आणि शेवटी काय घडलं याचं दोन-चार ओळींचं वर्णन. नाव मात्र कुणाचंही नाही.

पायथन शिकताना जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा सरावाला देतात. कोण वाचलं, कोण बुडालं, तिकीट कुठल्या वर्गाचं होतं. जहाज शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं, त्यामुळे आकडे चालवताना काही वाटत नाही. खाणीच्या फाईलचं तसं होत नाही. 'बोट', 'मनगट', 'डोळा' असे शब्द एकाखाली एक येत जातात आणि तारीख कधी कधी मागच्या महिन्यातलीच असते.

जास्त अपघात म्हणजे जास्त धोकादायक खाण?

नाही. इथे पहिला सापळा आहे.

समजा एका खाणीत वर्षभरात १२ जण जखमी झाले आणि दुसरीत ५. पहिली जास्त धोकादायक वाटते. पण पहिलीत कामगारांनी मिळून ६ लाख तास काम केलं आणि दुसरीत फक्त १ लाख तास. अमेरिकेत दर काढताना दुखापतींच्या संख्येला २ लाखांनी गुणून कामाच्या तासांनी भागतात. हा २ लाखांचा आकडा म्हणजे शंभर कामगार, आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५० आठवडे. पहिल्या खाणीचा दर येतो ४, दुसरीचा १०. चित्र उलटं झालं.

म्हणजे अपघातांच्या फाईलइतकीच कामाच्या तासांची फाईलही महत्त्वाची. ती खाणी दर तिमाहीला भरतात. मात्र यातही एक फट आहे. कंत्राटदार आपले तास एकत्रित कळवतात, कुठल्या खाणीत किती ते सुटं सुटं नाही. त्यामुळे कंत्राटी कामगाराला दुखापत कुठल्या खाणीत झाली ते कळतं, पण त्या खाणीत कंत्राटी कामगारांनी एकूण किती तास काम केलं ते कळत नाही. वरचा आकडा आहे, खालचा नाही. भागाकार होणार कसा? सॉफ्टवेअर कितीही महागडं आणलं तरी ही फट बुजत नाही.

लहान खाणींचा दर तर वर्षागणिक उड्या मारतो. वीस कामगारांच्या खाणीत एका वर्षी एकाचं बोट चेमटलं की दर एकदम ५ होतो आणि पुढच्या वर्षी शून्य. म्हणून जाणकार एका वर्षाच्या दरावरून खाणीला शाबासकी देत नाहीत की दोषही लावत नाहीत. अनेक वर्षं एकत्र घेतात आणि योगायोगानं किती चढउतार होऊ शकतो याचं गणित आधी मांडतात.

दोन रकाने वजा केले तर?

या फाईलमधून निघालेलं मला सर्वांत आवडलेलं काम गणितानं अगदी साधं आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो इथल्या संशोधकांनी १९८३ ते २०१५ या काळातल्या ५,४५,९७१ दुखापतींच्या नोंदी घेतल्या. अपघाताच्या वेळेतून पाळी सुरू झाल्याची वेळ वजा केली. कामगार कामावर येऊन किती तास झाले होते, हे त्यातून निघालं. नऊ किंवा अधिक तास झालेल्या दुखापती त्यांनी वेगळ्या काढल्या.

अशा दुखापती होत्या ५२,२०६, म्हणजे ९.६ टक्के. खरी बातमी त्याच्या पुढे आहे. १९८३ मध्ये हे प्रमाण ५.५ टक्के होतं, २०१५ पर्यंत ते १३.९ टक्क्यांवर गेलं. पाळ्या लांबत गेल्या तशा लांब पाळीतल्या दुखापतीही वाढल्या. शिवाय उशिरा झालेल्या या अपघातांत मृत्यू होण्याची आणि एकाच वेळी एकाहून अधिक जण जखमी होण्याची शक्यता इतर अपघातांपेक्षा जास्त दिसली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

एखाद्या अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला हे दिसणं जवळपास अशक्य आहे. त्याच्यासमोर एक अपघात असतो, एक ब्रेक निकामी झालेला असतो, एक माणूस चुकलेला असतो. तो माणूस अकराव्या तासात होता, हे अहवालात एका ओळीत येतं आणि विसरलं जातं. साडेपाच लाख ओळी एकत्र ठेवल्यावरच ती ओळ बोलू लागते.

वजाबाकी साधी आहे, पण निष्काळजीपणे केली तर फसते. पाळी रात्री ११ ला सुरू झाली आणि अपघात पहाटे दीडला झाला, तर उत्तर उणे येतं. तिथे २४ तास मिळवायचे असतात. वेळ माहीत नसेल तिथे ९९९९ लिहिलेलं सापडतं, ते वगळायला विसरलं की भलतंच उत्तर येतं. अशा कामात बराचसा वेळ ही साफसफाई करण्यातच जातो.

दोन फायली जोडल्या की काय दिसतं?

खाणीचा क्रमांक सगळ्या फायलींत सारखाच असतो. त्यामुळे अपघातांची फाईल दंडाच्या किंवा तपासणीच्या फाईलला जोडता येते. उल्लंघनांची फाईल एवढी मोठी आहे की ती एक्सेलमध्ये पूर्ण उघडतच नाही, कारण एक्सेल १०,४८,५७६ ओळींवर थांबतं. इथे पायथन किंवा 'आर'सारखी साधनं लागतात.

अमेरिकेतल्या 'एनपीआर' या सार्वजनिक रेडिओनं एका खाण सुरक्षा वार्तापत्राबरोबर २०१४ मध्ये हेच केलं. नियम मोडल्याचा दंड न भरणाऱ्या खाणी त्यांनी एका बाजूला काढल्या. सुमारे २,७०० खाणमालकांकडे जवळपास ७ कोटी डॉलर थकले होते. या थकबाकीदार खाणींमधला दुखापतींचा दर दंड भरणाऱ्या खाणींपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाला. दंड थकवल्यामुळे माणसं जखमी होतात असा याचा अर्थ नाही. पण तपासणीला आधी कुठे जायचं, याची यादी बनवणाऱ्याला एवढं पुरेसं आहे.

वर्णनाच्या त्या दोन-चार ओळी संगणकाला कळतात का?

बऱ्यापैकी. प्रत्येक अपघाताला कुणीतरी माणूस वर्णन वाचून एक वर्ग देतो : छत कोसळणं, वाहतूक यंत्र, घसरून पडणं, सामान हाताळताना लागणं. पण एकच घटना दोन वर्गांत बसू शकते. डंपरवरून उतरताना पाय घसरला, तर हा डंपरचा अपघात की घसरण्याचा? वर्ग चुकला की पुढची सगळी मोजणी चुकते. म्हणून आता मशीन लर्निंग वापरून ही वर्णनंच वाचली जातात. लाखो जुन्या वर्णनांवर मॉडेल शिकवायचं आणि नवं वर्णन आलं की ते कुठल्या प्रकारचं, हे त्याला ओळखायला लावायचं. वर्णनांत 'कर्मचारी' या शब्दासाठी 'ईई' अशी दोन अक्षरं सर्रास येतात. अशी खाणीची भाषा आधी शिकवली नाही, तर मॉडेल गोंधळतं.

नेमका वर्ग कळण्याचा फायदा काय? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सर्व प्रकारच्या खाणींत मिळून २८ जण मरण पावले. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू ट्रक, लोडर, कन्व्हेयर अशा वाहतूक यंत्रांशी जोडलेले होते. २०१८ मध्ये एमशानं त्यासाठी वेगळी मोहीम हाती घेतली : सीट बेल्ट, चालकाला न दिसणारा भाग, समोर कुणी आल्याची सूचना देणारी यंत्रणा. दुखापतींमध्ये मात्र सामान हाताळणं आणि घसरून पडणं यांचाच वाटा मोठा असतो. म्हणजे नुसत्या दुखापती मोजून धोरण ठरवलं, तर मृत्यूंचं मोठं कारण मागे पडेल.

'पुढचा अपघात कुठे होणार हे एआय सांगेल' असे दावेही कानावर येतात. ते जपून ऐकावेत. जीवघेणा अपघात ही सुदैवानं विरळ घटना आहे. एका खाणीपुरत्या मोजक्या घटनांवरून पुढच्या महिन्याचं भाकीत करणं म्हणजे दोन पावसाळे पाहून तिसऱ्याची तारीख सांगण्यासारखं. धोका कशानं वाढतो हे डेटा चांगलं सांगतो. कुणाचा नंबर, हे नाही.

आणि नोंदच झाली नाही तर?

अप्पर बिग ब्रँचच्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली. खाणीच्या कंपनीनं धोक्यांच्या दोन वेगवेगळ्या वह्या ठेवल्या होत्या. एक स्वतःसाठी आणि दुसरी, तपासणी अधिकाऱ्यांना दाखवायची. पहिलीत होते ते सगळे धोके दुसरीत नव्हते. एमशानं जून २०११ मध्ये ही माहिती जाहीर केली. चाळणीतल्या प्रोग्रामची चूक दुरुस्त करता येते, पण मुळात न लिहिलेली ओळ कुठला प्रोग्राम मोजणार?

लपवाछपवीचा अंदाज मात्र आकड्यांवरून कधी कधी येतो. जिथे हाडं मोडतात तिथे किरकोळ दुखापतीही होतातच. एखाद्या खाणीत मृत्यू आणि मोठ्या दुखापती आहेत, पण किरकोळ जवळपास शून्य, तर खाण सुरक्षित आहे असं समजण्याआधी तिची नोंदवही तपासायला हवी. 'इतके दिवस अपघातमुक्त' असा फलक गेटवर लावून बोनस जाहीर केला की मुरगळलेला पाय घरीच शेकण्याचा मोह होतो. हे कुठल्याही देशात होऊ शकतं.

चंद्रपूर-वणीच्या खदानींचं काय?

नागपूर, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या बहुतेक कोळसा खदानी 'वेस्टर्न कोलफिल्ड्स' या कोल इंडियाच्या नागपूरस्थित कंपनीच्या आहेत. देशभरातल्या खाणींच्या सुरक्षेची देखरेख धनबादचं खाण सुरक्षा महासंचालनालय म्हणजे 'डीजीएमएस' करतं. याची सुरुवात १९०२ ची, म्हणजे अमेरिकेच्या एमशापेक्षा कितीतरी जुनी. नागपुरातही त्याचं विभागीय कार्यालय आहे.

आपल्याकडे अपघातांचा हिशेब दोन प्रमुख मापांत मांडला जातो : दर हजार कामगारांमागे किती मृत्यू आणि दर दहा लाख टन कोळशामागे किती. दुसरं माप वाचताना सावध राहावं. देशातला ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आता खुल्या खदानीतून निघतो. मोठे शॉवेल आणि डंपर आले की कमी माणसांत जास्त कोळसा निघतो आणि टनामागचा मृत्युदर आपोआप खाली येतो. खदानीत उभ्या असलेल्या माणसाचा धोका तेवढा कमी झाला, असं त्यावरून ठरत नाही.

धोक्याचं रूपही बदललं आहे. १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून ३७५ जण गेले, ती भूमिगत खाण होती. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या राजमहल खुल्या खदानीत ढिगारा सरकून २३ जण दगावले. खुल्या खदानीत छत कोसळण्याची भीती नाही, पण डंपरची ये-जा आहे आणि ओबीचे म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे डोंगर आहेत. ओबी काढण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे असतं. म्हणजे तासांच्या हिशेबातली ती कंत्राटी फट इथे अधिकच महत्त्वाची.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यानुसार दुखापतीमुळे ७२ तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येता येणार नसेल, तर ती नोंदवण्याजोगी ठरत असे. हाड मोडणं, अवयव किंवा दृष्टी कायमची जाणं हे गंभीर दुखापतीत येत असे. ७२ तासांच्या या रेषेजवळ काय घडत होतं, हे डेटातून पाहण्यासारखं आहे. अडीच दिवसांनी हजेरी लावून खुर्चीवर बसवलेला जखमी कामगार नोंदीत आला नसता.

डीजीएमएस दरवर्षी खाणींची आकडेवारी छापतं, त्यात कारणनिहाय तक्ते असतात. कोल इंडियाचीही स्वतःची ऑनलाइन सुरक्षा माहिती प्रणाली आहे. म्हणजे माहिती गोळा होते. पण तयार तक्त्यातून त्यात आधीच बेरीज केलेलंच वाचता येतं. 'कारणानुसार मृत्यू' असा तक्ता असेल, तर त्यावरून 'पाळीच्या कितव्या तासात' हा प्रश्न विचारता येत नाही. त्यासाठी सुट्या ओळी लागतात. अमेरिकेतल्या संशोधकांना तो प्रश्न सुचला तेव्हा तीस वर्षांच्या ओळी हाताशी होत्या. १९८३ मध्ये फॉर्म भरणाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

आज चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजमधली एखादी विद्यार्थिनी वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींमध्ये नवख्या कामगारांना जास्त लागतं का, हे एका दुपारी तपासू शकते. वणीच्या खदानीबद्दल तोच प्रश्न पडला, तर तिला वार्षिक तक्ते चाळावे लागतील, नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागेल. अर्ज करायचाच तर कामगारांची नावं मागण्याची गरज नाही. अपघाताची वेळ, पाळी सुरू झाल्याची वेळ, कामगार कायम की कंत्राटी आणि कामावर लागून किती महिने झाले होते, एवढे चार रकाने सुरुवातीला पुरतील. सोबत कंत्राटी कामगारांचे खदाननिहाय कामाचे तासही मागावेत.